आग्रहाचं पातेलं

सुधाताई गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळली. वर कुणाच्या तरी लेकीच्या वाढदिवसाचा केक होता, खाली भाड्याने द्यायच्या कॉन्डोचे फोटो, आणि मधे ती. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच हार्ट अटॅक आला होता. मी नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात माझ्या ओपीडीत होते, समोर पेशंट बसलेला... फोन उलटा ठेवला आणि त्याचा पाय तपासत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागलेली. ‘बाई फार फटकळ’ म्हणून ज्यांनी त्यांना कार्यक्रमांना बोलावणं सोडून दिलं होतं, त्यांचे हात सगळ्यांत आधी जोडले गेले होते.

फटकळ त्या होत्याच. मूळच्या पुण्याच्या, आहारशास्त्रातल्या डॉक्टर. आग्नेय आशियातल्या या शहरात एका संस्थेत राहून महासागरातल्या चिमुकल्या देशांच्या सरकारांना लोकांच्या खाण्यापिण्याच्या धोरणांवर सल्ला द्यायच्या. त्यातल्या एका बेटावर त्यांचा विशेष जीव. तिथल्या समुद्रातला उत्तम मासा बोटी भरभरून बाहेर जातो, आणि बदल्यात बेटावर काय येतं, तर मेंढीच्या पोटाकडचे चरबीचे पट्टे. चांगलं मांस ते विकणाऱ्या देशातच खपतं, आणि तिथे ज्याला कुणी हात लावत नाही ते गोठवून गरिबाच्या ताटात. सुधाताईंनी वर्षानुवर्षं मागे लागून त्या बेटाच्या सरकारला या पट्ट्यांच्या आयातीवर बंदी घालायला लावली. आपल्या आयुष्यात केलेलं एकमेव उपयोगी काम, असं त्या म्हणायच्या.

मग व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. बेटाला करारात शिरायचं होतं, आणि मांस विकणाऱ्या देशाची अट अशी की आधी बंदी उठवा. त्या देशाच्या शिष्टमंडळाचे जे प्रमुख होते त्यांना मी नुसतं ‘साहेब’ म्हणते, नाव लिहिण्याइतकी त्यांची योग्यता मला वाटत नाही. साहेबांचं म्हणणं, बंदी हा व्यापारातला अडथळा आहे. काय खावं ते लोकांना ठरवू द्या, हवं तर त्यांच्यात जागृती करा, आम्ही पोस्टर छापून देतो. हे ते इथल्याच तांजोंग पगार भागातल्या गारेगार मीटिंग रूममध्ये, फळांची ताटली समोर ठेवून बोलत. बेटाच्या बाजूने बसायची तेरेसा, तिथल्या आरोग्य खात्यातली अधिकारी. तिच्या आईचा पाय मधुमेहाने गेला. ऑपरेशन इथे नोव्हेनाला झालं, आणि ती माझी पेशंट होती. तेरेसाची आणि सुधाताईंची गाठ मीच घालून दिली होती.

वाटाघाटींच्या एका फेरीच्या वेळी सुधाताईंचा दुपारीच फोन आला. “नीलू, मटण शिजायला किती वेळ लागतो गं?” मी हसायलाच लागले. ज्या बाईने जन्मात अंडं फोडलं नव्हतं ती मटण शिजवणार! पण त्या मुळीच हसत नव्हत्या. टेक्का मार्केटमधल्या खाटकाला खास सांगून त्यांनी तेच चरबीचे पट्टे मागवले होते. त्यासाठी एक मोठं नवं पातेलं आणलं होतं, आणि ते घरातल्या भांड्यांत मिसळायला नको म्हणून बाल्कनीत वेगळी शेगडी मांडली होती. साहेबांना रात्री जेवायला बोलावलं होतं. सोबत तेरेसा आणि मी.

साहेब वाइनची बाटली घेऊन आले. घराची तारीफ केली, पडद्यांची तारीफ केली, भारतात आपण कसे दोनदा जाऊन आलो ते सांगितलं. मग पान वाढलं गेलं. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून करून वाढतात, नको म्हटलं तरी वाढतात, तसं सुधाताईंनी वाढलं. डावभर रस्सा, त्यावर पांढरे लिबलिबीत पट्टे. हे काय आहे ते साहेबांच्या लक्षात आलं. ते वरणभाताकडे वळले. सुधाताईंनी आणखी एक डाव वाढला.

“थोडं तरी घ्या,” त्या अगदी मायेने म्हणाल्या. “बेटावरची मुलं रोज घेतात.”

“आमच्याकडे हे कुणी खात नाही,” साहेब म्हणाले.

“म्हणून तर मुद्दाम केलं.”

साहेबांनी पट्ट्याचा कोपरा काट्याने तोडून जिभेला लावला, आणि त्यांचा चेहराच उजळला. “मीठ जरा जास्त झालंय,” असं म्हणून त्यांनी ताटली बाजूला सारली. ते खोटं बोलत नव्हते. सुधाताईंनी चाखून पाहिलंच नव्हतं. शाकाहारी बाई, कशी चाखणार? एवढा बेत रचला आणि निसटायची एक फट मात्र ठेवून दिली. तेरेसाने सगळं खाल्लं, खारट होतं तरी. म्हणाली, आई रविवारी हेच करायची, आणि हे चविष्ट लागतं हीच तर पंचाईत आहे.

नंतर मी भांडी आवरायला गेले तर सुधाताई बाल्कनीत पातेलं घासत उभ्या होत्या आणि रडत होत्या. “मिठाने घात केला गं...” एवढंच म्हणाल्या. पुढच्या फेरीला पुन्हा बोलावीन, असं त्यांनी ठरवलं. तसं त्यांनी बोलावलंही, पण साहेबांना त्या दिवशी नेमकं दुसरीकडे जायचं असे. दर वेळी असे.

गेल्या आठवड्यात तांजोंग पगारलाच शोकसभा झाली. शोकसभा कसली, चहापान. आहारतज्ज्ञ बाईच्या आठवणीसाठी टेबलावर रंगीत गोड पाण्याचे कॅन मांडलेले होते, आणि त्यात काही गैर आहे असं एकालाही वाटलं नाही. त्या सगळ्यांना बरोबर घेऊन चालायच्या, असं एकजण म्हणाला. सुधाताई! ज्या निम्म्या खोलीशी बोलतसुद्धा नव्हत्या! मग साहेब उठले. सुधाताईंच्या नावाने पोषणजागृतीची पोस्टर स्पर्धा ठेवू म्हणाले. आणि मग म्हणाले, त्यांच्या हातचं जेवण मी विसरूच शकत नाही, इतक्या प्रेमाने त्यांनी मटण रांधलं होतं आणि मी ते मनसोक्त खाल्लं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोटेपणा मी खूप पाहिलाय, पण मेलेल्या बाईच्या पानावरून उठून जायचं आणि वर ढेकर द्यायचा, हे नवीन होतं. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “तुम्हाला एवढं आवडलं होतं तर पुढच्या फेरीला माझ्याकडे या. तेच करते.” सगळे कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. “आनंदाने,” असं त्यांना म्हणावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी सुधाताईंच्या फ्लॅटवर गेले. त्यांची मुलगी मैथिली पुस्तकांची खोकी भरत होती. मी पातेलं मागितलं तर ती इथल्या पोरांच्या ‘लाह’वाल्या बोलीत म्हणाली, “ते बाल्कनीतलं? घ्या ना मावशी. आई ते कुणाला टच पण करू द्यायची नाही लाह.” पातेलं वॉशिंग मशीनवर पालथं घातलेलं होतं. आत घासणीचे ओरखडे होते, बाकी नव्यासारखं. बिचारं एकदाच वापरलं गेलं.

आता ते माझ्या ओट्यावर आहे. शेवटची फेरी येत्या गुरुवारी संपते आणि शुक्रवारी सह्या. बंदी राहणार की जाणार ते अजून ठरलेलं नाही, तेरेसा अडून बसली आहे. गुरुवारी संध्याकाळी ती जेवायला येते आहे, साहेबही येत आहेत, तसं त्यांनी चार लोकांसमोर कबूल केलंय. पट्टे मी आणून ठेवलेत. आग्रह मला सुधाताईंसारखा जमणार नाही... पण मी मटण खाणाऱ्या घरातली आहे. मीठ चाखून घालीन.