वागिरानचा पालथा ग्लास

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा वागिरान जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवायचा. बस जावातल्या आमच्या क्लातेनहून निघायची, बोटीत चढून समुद्र ओलांडायची आणि सुमात्राच्या डोंगरांतून वळणं घेत पार वर आचेपर्यंत जायची. एवढ्या प्रवासात माणूस काही ना काही शिकतोच. कोणी चार भाषा शिकतो, कोणी दुसरं लग्न करतो. वागिरान कॉफी शिकला.

म्हणजे प्यायला शिकला. करायला शिकला असं मी म्हणणार नाही, कारण त्याने केलेली कॉफी मला प्यावी लागलेली आहे.

कंबर धरायला लागली तेव्हा त्याने बस सोडली आणि तो घरी येऊन बसला. सुरुवातीला माझी बहीण सुती खूश होती. मग त्याने चूल मागितली. रस्त्यात जिथे जिथे कॉफी प्यायला, तिथली तिथली कॉफी त्याला आता घरी करायची होती. माझं न्हाव्याचं दुकान त्यांच्या दारासमोर. मी त्याला मास म्हणायचो, तो मला दिमास. थोरला आणि धाकटा, एवढाच त्याचा अर्थ. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण लावलेला असायचा आणि समोरून हाक यायची, "दिमास, धाव! आज बुकितिंगी!"

बुकितिंगीकडे कॉफीची पानं भाजून उकळतात आणि करवंटीतून पितात. वागिरानने शेजारच्या पाक मुल्योचं, पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव', कॉफीचं झुडूप असं भादरलं की मी न्हावी असून मला जमलं नसतं. पानं काठीला बांधून चुलीवर धरली. धूर एवढा झाला की मुल्यो बिचारा भरलेली बादली घेऊन धावत आला. आग कुठेच नव्हती. परत जाताना त्याला आपलं झुडूप दिसलं, तेव्हा तो पुन्हा आत आला आणि त्याने बादली वागिरानवर रिकामी केली.

मग जोगजाची पाळी. तिथे स्टेशनापाशी कॉफीच्या ग्लासात पेटता निखारा टाकून देतात. वागिरानने निखारा टाकला, ग्लास तडकला आणि निखारा सुतीच्या नव्या चटईतून थेट फरशीला जाऊन भेटला. "पण आवाज ऐकलास ना? अगदी तस्साच!" असं तो भोकाकडे बघत म्हणाला. आचेला कापडी गाळणीतून उंचावरून कॉफी ओढतात. त्या गाळणीसाठी माझ्या ईदच्या सदऱ्याची बाही गेली. मी बोंब मारली तर म्हणतो, "एक हात उन्हात थोडा काळा होईल, एवढंच ना?"

हे सगळं प्यायचो मी. सुती चहाची. गोड, कडक, जीभ भाजेल असा चहा, आणि कॉफीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

"त्या काळ्या पाण्याने माझा नवरा नेला," ती म्हणायची. "आता ते माझ्या घरात नको."

तरी वागिरान रोज दुपारी तिच्यासाठी एक ग्लास स्वयंपाकघराच्या फळीवर झाकून ठेवायचा आणि झोपायचा. उठेपर्यंत ग्लास धुतलेला.

"कुठे गेली?"

"केळीच्या बुडात ओतली."

केळ चांगलीच माजली होती, हे खरं.

एकदा माझ्या खुर्चीत दाढीला बसला असताना तो म्हणाला, "दिमास, कुठल्याही गावात पहिला घोट घेतला की मला वाटायचं, हे सुतीला पाजायला हवं. आणि शेजारी बघावं तर क्लीनर घोरतोय. तिने एकदाच माझ्याबरोबर बसून कॉफी प्यावी. मग निखारे बंद, पानं बंद, सगळं बंद."

मला वाईट वाटलं. पण वस्तरा गळ्यावर होता, म्हणून मी म्हटलं, "मान हलवू नकोस."

मग त्याची मुलगी किनासिह हिला सोलोहून मागणी आली. मुलगा जात्मिको, सालस, डोळे कायम स्वतःच्या गुडघ्यांवर. सोलोची माणसं इतकी शालीन की तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तर तेच तुमची माफी मागतील. सुतीने बजावून सांगितलं, "पाहुण्यांना चहा. फक्त चहा. कोणी निखाऱ्याला हात लावला तर हात मोडेन."

"निखारा नाही," वागिरान म्हणाला. तो हे ज्या सुरात म्हणाला त्यावरूनच मला घाम फुटला.

पाहुणे यायच्या सकाळी त्याने मला मागच्या अंगणात ओढलं. "मागणीच्या बैठकीत घरधनीण पाहुण्यांबरोबर बसते. पाहुण्यांना जे, तेच तिला. चारचौघांत ती नाही म्हणू शकणार नाही. मी मेउलाबोची कॉफी करतो."

मेउलाबो म्हणजे आचेचा पश्चिम किनारा. तिथे जाडीभरडी कॉफी, साखर आणि उकळतं पाणी ग्लासात घालून वर बशी ठेवतात आणि सगळं झपकन पालथं करतात. ग्लास बशीत उपडा, कॉफी आत कोंडलेली. मग कडेला नळी लावून हळूच फुंकायचं, म्हणजे थोडी थोडी कॉफी बशीत उतरते आणि तेवढीच प्यायची. सुती शेजारणीकडून पिसांग राजा केळ्यांचा घड आणायला गेली तेवढ्यात वागिरानने चहाची किटली पलंगाखाली सारली. पालथ्या ग्लासांचं तबक मी नेऊन ठेवलं. मी, सख्खा भाऊ! माझ्या हाताला काय म्हणावं!

पाहुणे चटईवर बसले. भोक माझ्या खाली होतं, मी मुद्दामच तिथे बसलो होतो. मुलाचे काका पाक मार्तोसेंतोनो यांनी मागणी घातली. त्यात बाग आली, फूल आलं, फुलाच्या वासाने वाट चुकलेला भुंगा आला आणि बऱ्याच वेळाने जात्मिकोसुद्धा आला. आता वागिरानने दोन गोष्टी करायच्या होत्या. एक, होकार द्यायचा. दोन, पाहुण्यांना 'मोंगो' म्हणायचं, घ्या म्हणायचं. यजमानाने मोंगो म्हटल्याशिवाय आमच्याकडचा माणूस तहानेने मरेल, पण समोरच्या पेल्याला बोट लावणार नाही.

वागिरानचे डोळे सारखे आतल्या पडद्याकडे, किटली शोधणारी सुती बाहेर येते का बघत. आणि घाबरला की त्याला एकच सुचतं, रस्त्याच्या गोष्टी.

"ही मेउलाबोची कॉफी," त्याने सुरुवात केली. "तिकडचे कोळी ग्लास असा पालथा घालतात आणि उठून समुद्रावर निघून जातात. सावकाश परत येतात. माशी नाही, धूळ नाही. ज्याला जायचं तो जातो, ग्लास आपला पालथाच."

मी खोकलो. तो बोटीवर पोचला. मी पुन्हा खोकलो. तो डोंगरातल्या वळणांवर गेला. पाहुणे हसऱ्या चेहऱ्याने पालथ्या ग्लासांकडे बघत बसले. आता तुम्हीच सांगा, पालथा ग्लास म्हणजे धुऊन ठेवलेला ग्लास. पालथा ग्लास समोर, मोंगो नाही, होकार नाही, आणि वर गोष्ट कसली, तर निघून जाणाऱ्या माणसांची. सोलोच्या माणसाला नकार यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगावा लागत नाही.

पाक मार्तो घसा साफ करून अतिशय गोड बोलले, "आपल्या घरची सावली थंड आहे. पण ऊन चढतंय, आणि लहान वाटेच्या माणसांनी मोठ्या दारात फार वेळ बसू नये."

वागिरान खूश होऊन म्हणाला, "वा, काय बोललात!"

त्याला कळलंच नाही की ते निघाले. जात्मिकोने पहिल्यांदा मान वर केली, तर त्याचे डोळे भरलेले. पडद्यामागे किनासिहचा हुंदका ऐकू आला. मी उठणार, पण मी काय बोलणार? मामाने होकार द्यायची रीत नाही. पाक मार्तो गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

आणि पडदा बाजूला झाला. सुती बाहेर आली, नवऱ्याशेजारी बसली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "मोंगो, मोंगो! बसा ना. होकारच आहे हो. ह्यांची बस एकदा सुटली की मधे थांबत नाही."

पाक मार्तो जिथल्या तिथे बसले. पण ग्लासाचं काय करायचं हे कोणालाच कळेना. जात्मिकोचे वडील तो सरळ उचलायलाच निघाले होते. तेव्हा सुतीने शांतपणे वागिरानच्या पुढ्यातली नळी उचलली, ग्लासाची कडा बघून नेमकी खाली सरकवली आणि अगदी हलकेच फुंकलं. आत एक बुडबुडा वर गेला आणि बशीत घोटभर कॉफी उतरली. एक थेंब बाहेर नाही. तिने बशी उचलली आणि प्याली.

पाहुण्यांनी बघून बघून फुंकायला सुरुवात केली. मार्तोंचा पहिलाच बुडबुडा असा निघाला की ते लहान मुलासारखे हसले. वागिरान मात्र बायकोकडे बघत राहिला होता. मेउलाबोत ही कला त्याला स्वतःला सहज आली नव्हती. पहिल्यांदा गणवेश धुवावा लागला होता.

"सुती," तो हळूच म्हणाला, "तुला हे कधी आलं?"

"रोज दुपारी फळीवर ग्लास कोण ठेवतं? कधी सरळ, कधी पालथा, जवळ नळी."

"ती तर केळीला..."

"केळीला माझा चहा जायचा."

"मग सांगायचं नाहीस? एकदा तरी?"

सुतीने बशीत आणखी एक घोट उतरवला. चार पाहुणे ऐकत होते, पण तिला त्याचं काही नव्हतं.

"तुम्ही जन्मभर माझ्याशिवाय प्यालात," ती म्हणाली. "मी थोडे महिने तुमच्याशिवाय प्याले. आता फिटंफाट."

वागिरानने नळी घेतली आणि इतक्या जोरात फुंकली की अर्धी कॉफी त्याच्या बाटिकच्या सदऱ्यावर उडाली. सुतीने खांद्यावरच्या शेल्याने ती पुसली, आणि उरलेल्या कॉफीची बशी दोघांच्या मधे ठेवली.