नो-टच अंकल

नो-टच अंकल फळांच्या दुकानातसुद्धा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. आंबा दाबून आणि हुंगून पाहिल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशा आम्हा मराठी गिऱ्हाइकांत हा उंच, उन्हानं रापलेला वसईकर नुसता वाकून पेटीकडे बघायचा आणि हनुवटीनंच दुकानदाराला खूण करायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "अंकल, इथे हात लावायला कुठे बंदी आहे?" तर म्हणाले, "बंदी नाय हो साहेब. पण इथे सवय मोडली तर तिकडे पाण्यात हात सुटतो."

त्यांचं खरं नाव बस्त्याव. ते अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावर एका छोट्या बोटीवर गाइड होते. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचे मासे नि कासवं बघायची, एवढ्यासाठी लोक तिथे येत. बोटीचा मालक तिथलाच अरब. त्याला सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणत आणि तो झकास हिंदी बोलायचा. आम्ही शारजाच्या अल नहदातले, शनिवार-रविवार मॉलमध्ये चकरा मारून कंटाळलेले. आमच्या मराठी मंडळाची पहिली सहल मीच तिकडे काढली आणि मग काढतच राहिलो. 'नो-टच अंकल' हे नाव आमच्या पोरांनी ठेवलेलं. अंकलना ते इतकं आवडलं की फोनवरही ते तसंच सांगू लागले.

इंजिन सुरू करायच्या आधी त्यांचा तास असायचा. "हात मागे. पाय हळू. कासवाच्या अंगावरून पोहायचं नाय. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. आपणच छपरासारखे वर पसरलो तर त्यानं जायचं कुठे?" मग ते सगळ्यांकडून हे मोठ्यानं म्हणून घेत. ऑफिसात लोकांना धारेवर धरणारे आमचे मॅनेजर तिथे लाइफ जॅकेट घालून 'हात मागे, पाय हळू' म्हणत बसायचे. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "लक्षात ठेवा, समुद्रात आपण सगळे व्हिजिट व्हिसावर. ओव्हरस्टे करायचा नाय." व्हिसाच्या तारखेवर जगणारी आम्ही माणसं, यावर जरा जास्तच हसायचो.

त्यांच्या बोटीवर उन्हाचं क्रीम चालत नसे. पाण्यात उतरून ते प्रवाळाला बाधतं म्हणून लांब बाह्यांचा टीशर्ट घालून या, असा त्यांचा निरोप आधीच यायचा. तरी एक वहिनी तोंडाला चुना फासल्यासारखं क्रीम लावून आल्या. अंकलनी ओला टॉवेल पुढे केला आणि त्यांचं तोंड पुसून होईपर्यंत अदबीनं समुद्राकडे बघत राहिले. आणखी एकदा कुणीतरी माशांना प्रेमानं मूठभर चिवडा टाकला. अंकलनी जाळी काढली आणि तरंगणारे पोहे, डाळं, कढीपत्ता सगळं टिपून घेतलं. अर्धा तास गेला. "माशाला चिवडा आवडला तर तो उद्या पण इथेच येऊन बसेल," ते म्हणाले. "मग त्याला रोज कोण देणार, तुम्ही?"

त्याच बोटीवरून मी देवमासा पाहिला. खूप लांब पाण्यावर काळी पाठ आली आणि फवारा उडाला. आम्ही बारा जण एका आवाजात ओरडलो, "अंकल, जवळ घ्या ना! यल्ला!" अंकलनी इंजिन बंद केलं. बोट गप्प झाली, आम्हीही झालो. "त्याला वाटलं तर तो येईल. त्याच्या मागे लागलं की ते बघणं नसतं, पाठलाग असतो." तो काही आला नाही. आणखी दोनदा फवारा दिसला आणि संपलं. घरी येताना गाडीत मी कुरकुरत होतो. माझी ऋचा मात्र दोन दिवस त्या फवाऱ्याबद्दलच बोलत होती.

ऋचा तेव्हा नऊ वर्षांची. तिला पाण्याची भयंकर भीती. बिल्डिंगच्या तलावात शिकवणाऱ्याच्या गळ्याला ती अशी मिठी मारायची की त्यानं हात टेकले. अंकलनी तिला पहिल्या दिवशी पाण्यात उतरवलंच नाही. शिडीवर बसवून नुसते पाय भिजवले आणि म्हणाले, "बाय, आज एवढंच." लहान पोरींना ते लाडानं बायच म्हणत. चौथ्या सहलीला तीच त्यांना म्हणाली, "अंकल, टुडे आय विल गो." मी तिचा बाप. मला ते तीन वर्षांत जमलं नव्हतं.

आता ऑक्टोबरातल्या त्या शनिवारबद्दल लिहायला हवं. ते टाळण्यासाठीच मी इतका वेळ आंबे आणि चिवडा करत बसलो होतो.

त्या सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. नेहमीचा तास झाला होता. 'हात मागे' मीही म्हटलं होतं, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. पाण्यात उतरून दहा मिनिटं झाली असतील, तर खालून एक मोठं कासव सरळ माझ्या दिशेनं वर येऊ लागलं. इतकं शांत, इतकं म्हातारं. आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव आहे. त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच देवापुढे जायचं, हे चालायला लागल्यापासून अंगात मुरलेलं. माझा हात गेला. पाठीला लागला, तिथून मास्कच्या काचेला लागला. कासव दचकलं आणि श्वास न घेताच पुन्हा खाली गेलं. पलीकडे ऋचा तरंगत होती. ती माझ्याकडेच बघत होती.

बोटीवर अंकलनी मला बाजूला घेतलं. मी ओशाळून देवळातलं कासव सांगितलं. ते म्हणाले, "समजतं मला. आम्ही पण क्रूसाला हात लावून ओठाला लावतो. पण साहेब, देवळातलं कासव दगडाचं. त्याला श्वास घ्यावा लागत नाय." एवढंच बोलले. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला नंतर फार वाटत राहिलं.

शेजारच्या बोटीवरून कुणीतरी माझा व्हिडिओ काढला होता. चार दिवसांत तो फिरत फिरत संबंधित खात्याकडे पोचला आणि अरबाबच्या बोटीचा परवाना अडकला. त्यानं मला पुढच्या शनिवारी धक्क्यावर बोलावलं. अंकलना भेटायचं म्हणून ऋचाही हट्टानं बरोबर आली. टेबलावर खात्याला द्यायच्या जबाबाचा एक कागद होता. अरबाबनं सरळ विचारलं, "इसने बोला था हाथ नहीं लगाने का, या नहीं बोला था?"

बोला था म्हटलं असतं तर सगळं माझ्या नावावर आलं असतं. नोटीस येईल, ऑफिसात कळेल, व्हिसाचं काय होईल, हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. मी म्हणालो, "नहीं. हमको किसीने बोला नहीं था." समोर अंकल उभे होते. हात मागे बांधलेले. मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

"हां अरबाब," ते म्हणाले, "उस दिन मैं भूल गया." मी कागदावर सही केली. सही नेहमीसारखीच झाली. तेवढ्यात अंकल ऋचाला घेऊन धक्क्याच्या टोकाशी मासे दाखवायला गेले. तिच्याशी वाकून काहीतरी बोलत होते. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

महिन्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि ते वसईला गेले. साठीला आलेल्या माणसाला पुन्हा कोण बोलावणार? जाताना त्यांनी मला फोन केला होता. "साहेब, बायचा मास्क बोटीवर राहिलाय. अरबाबकडे देऊन ठेवलाय, आठवणीनं घ्या." मी 'हो हो' म्हटलं. माफी मागायला एवढी जागा होती त्या फोनमध्ये. मी फ्लाइट किती वाजता आहे ते विचारलं.

तो मास्क आणायला मी मे महिन्यात गेलो. अरबाबनं चहा दिला. मग म्हणाला, "ग्यारह साल में वो एक दिन नहीं भूला. मैंने शाम को पूछा, झूठ क्यों बोला? तो बोला, बच्ची खड़ी थी. उसके सामने उसके बाप को झूठा कैसे बोलूँ."

मी म्हटलं, मी आता खरं लिहून देतो. "अब किसके लिए, हबीबी?" तो म्हणाला. "उस दिन काग़ज़ पर तुम्हारा साइन था. मैं क्या करता? खलास." आणि त्यानं मास्क माझ्यापुढे ठेवला.

डोंगरातून परत येताना मी दोनदा गाडी बाजूला घेतली. घरी आलो तेव्हा ऋचा अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं, की अंकलनी आपल्याला सांगितलं होतं, दरवेळी सांगत होते, आणि मी धक्क्यावर खोटं बोललो, आणि माझ्यामुळे ते गेले. 

तिनं पेन खाली ठेवलं. "आय नो, बाबा. आय वॉज देअर."

"मग तू कधी काही बोलली का नाहीस?"

"अंकल टोल्ड मी नॉट टू. त्या दिवशी, मासे दाखवताना. ही सेड, बाबा विल टेल यू हिमसेल्फ. जस्ट वेट."

सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत ती रोज सकाळी माझं बोट धरून शाळेच्या बसपर्यंत येत होती, आणि वाट बघत होती.