लंडनला गेलेला माझा आराखडा

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या बेतात होतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या पोलिसांना शेजारच्या देशांमधल्या फरारी आणि बेपत्ता माणसांची माहिती एका सामायिक यंत्रणेतून क्षणात मिळायची. ती एके दिवशी बंद झाली तर काय करायचं? अमेरिकेत अल्फारेटाला असलेली आमची कंपनी त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळायची, म्हणून त्याचा आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठ महिने मी पहाटे उठून युरोपातल्या पोलीस कचेऱ्यांना फोन केले. यंत्रणा बंद पडली की फोनच कामाला येतो, आणि उचलणारं माणूस ओळखीचं लागतं. कुणाचा नंबर काय, कुणाला इंग्रजी जमतं, कोण दुपारी हमखास जागेवर नसतो, हे सगळं मी एका वहीत मराठीत लिहून ठेवलं होतं.

आराखडा लंडनला जाऊन मांडायचा ठरला, आणि निवड झाली माझ्या हाताखालच्या नागपूरकराची. माझ्या पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली. एकदा देशाबाहेर पडलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही. ओळखीतली एक जण अशीच चार महिने पुण्यात अडकली होती, मुलं इथे. नागपूरकराची बायको इथली नागरिक, त्यामुळे त्याला ग्रीन कार्ड चटकन मिळालेलं. मी अकरा वर्षं त्याच कार्डाच्या रांगेत होते.

"ताई, खरं तं तुम्हीच जायला पाहिजे होतं. मला फार ऑकवर्ड वाटतंय," तो म्हणाला.

"अरे, जा की! मस्त प्रेझेंट कर," मी हसून म्हटलं. आतून नुसता जळफळाट. आयत्या बिळावर नागोबा! त्याने नवा कोट दाखवला तेव्हा बाह्या आखूड आहेत असं मी सांगितलं. आखूड नव्हत्या.

मग मी त्याला चाळीस पानांची फाइल दिली आणि वही घरी ठेवली. फोनची यादी फाइलमध्येच असेल असं त्याने धरलं. देशांनी एकमेकांना माहिती कशी द्यावी, हे त्या चाळीस पानांत मी फार सुंदर लिहिलं होतं.

तो लंडनमध्ये आराखडा मांडत होता, त्या सकाळी मी घरून कॉलवर होते. तिथल्या एक वरिष्ठ बाई त्याला मध्येच म्हणाल्या, "समजा, यंत्रणा बंद आहे. बेपत्ता मुलगी फ्रान्सला निघालेल्या बोटीवर आहे. पहिला फोन कुणाला?"

तो पानं उलटत राहिला. मला आवाज ऐकू येत होता. खोटं कशाला बोलू, पहिले काही क्षण गोड लागले.

मग तो म्हणाला, "यादी माझ्या सीनियरने आठ महिने खपून केली आहे, जोडायची माझ्याकडून राहिली. त्या लाइनवर आहेत, त्याच सांगतील." मी वही उघडून बंदरावरच्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर वाचला. बाईंनी माझं कौतुक केलं. मी पटकन माइक बंद केला.

दुपारी त्याचा फोन आला. "ताई, यादी फाइलमध्ये नव्हतीच ना?"

मी समोरची वही मिटून बाजूला सारली.

"जाऊ द्या. तुमच्या जागी मी असतो तं मीबी हेच केलं असतं."

त्याने केलं नसतं, हे मला माहीत होतं. लंडनचा हेवा पुढे ओसरला. त्याच्या मनाचा हा दुसरा हेवा अजून जात नाही.