भर दुपारची गिटार

मी भुतं मानत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिते आहे त्यात भूत आहे आणि ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

बोरगाव मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत भुतांविरुद्ध, दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध आणि बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहिली जायची. लिहायचे बाबा. घड्या आई आणि मी घालायचो. बालवाडीत इतर मुलं कमळ आणि बदक शिकली तेव्हा मला ‘धिक्कार’ आणि ‘जाहीर’ हे शब्द वाचता येत होते. उरलेल्या पत्रकांत आई शेंगदाणे बांधून ठेवायची. घरात मजकूर नसलेली एकही वस्तू नव्हती. चहाच्या डब्यालासुद्धा काहीतरी म्हणायचं असायचं.

म्हणून मामाच्या रेकॉर्डी मला पहिल्यांदा नुसत्या चमत्कारिक वाटल्या. त्यांच्यात कोणी काही म्हणतच नव्हतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. केळझरच्या अलीकडच्या एका खेड्यात त्याचं भाजीचं वावर होतं, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. आठवड्यातून एकदा तो भाजीच्या ट्रकवर बसून नागपूरला जायचा. माल विकला की जुन्या बाजारात शिरायचा. त्या वर्षांत रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं घरं रिकामी करून दूर देशी निघाली होती आणि त्यांचं सामान तिथे फुटपाथवर येऊन पडत होतं. खुर्च्या, टोप्या, येशूच्या तसबिरी आणि रेकॉर्डी. गाणाऱ्यांच्या रेकॉर्डी पटापट जायच्या. नुसत्या गिटारीच्या कोणी घेत नसे. त्या मामाच्या वाट्याला आल्या.

तो त्या भाजीच्या रिकाम्या टोपल्यात, केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून आणायचा. कव्हरांवर घराएवढ्या लाटा आणि लाटांवर फळी घेऊन उभी राहिलेली उघडी माणसं. आत एकसारखे कोट घातलेले चार तरुण, हातांत चकचकीत गिटारी. मामाने समुद्र पाहिला नव्हता. मीही नाही. ते फोटो आमच्यासाठी चंद्रावरचे होते. पण कव्हराला नाक लावलं की सांबाराचा वास यायचा, त्यामुळे ती माणसं आमच्या वावरातलीच वाटायची.

वावरातल्या झोपडीत त्याचा बाजा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, होता, झाकणातच भोंगा असलेला, सहा मोठ्या सेलांवर चालणारा. तिथे वीज नव्हती. सेल जुने झाले की मामा ते छपराच्या कवेलूंवर उन्हात घालायचा, मामीच्या मुंगवड्यांशेजारी. दुपारी ते परत बाज्यात जायचे. उन्हाने थोडा जीव धरायचे, पण थोडाच. तबकडी दमल्यासारखी फिरायची. आम्ही ऐकलं ते संगीत असं होतं: गिटारीची एक तार कोणीतरी खोल विहिरीत सोडतोय आणि ती पाण्याला लागून, थरथरत, सावकाश वर येते आहे. मागे ढोल, तेही पाण्याखाली.

“ओलं वाजते,” मामा म्हणायचा. पाटाला पाणी सोडून तो सुतळीच्या बाजेवर आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा. मी एकदा विचारलं, नागपुरात दुकानदाराने वाजवून दाखवली तेव्हाही असंच वाजलं का?

“नाई. तिथं धावत होतं. आपल्या इथं चालते.”

बाबा एकदा वावरात आले होते. त्यांनी अख्खी बाजू मांडी घालून ऐकली, जसं ते कोणाचंही भाषण शेवटपर्यंत ऐकत. मग विचारलं, “यात सांगायचं काय आहे?”

“काईच नाई भाऊजी. म्हणून तं ऐकतो.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बाबांच्या बाजूची होते. पण दर सुट्टीत मी त्याच झोपडीत जाऊन बसायची हेही खरं.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात मामा काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. मामी एकटी राहिली.

पावसाळा संपता संपता मामाच्या गावची एक भाजीवाली बाई आमच्या दाराशी टोपली टेकवून आईला सांगू लागली, “तुह्या भावाले शांती नाई वं माय. भर दुपारी वाजवून राह्यला. अख्ख्या गावानं ऐकलं. वावरातून येते आवाज, रडल्यावानी. तिकडून कोनी जात नाई आता.”

आई रडायला लागली. बाबा उठून उभे राहिले. मी कॉलेजात होते, दोन पत्रकं माझ्या हातची छापून झाली होती. त्यांनी मला सांगितलं, “तू लिही. पण आधी जाऊन पाहा. न पाहता लिहिलेलं पत्रक म्हणजे दुसरी अंधश्रद्धा.”

मी आधीच लिहिलं. रागाच्या भरात एका बैठकीत लिहिलं आणि पिशवीत घालून निघाले.

बसमधून उतरून वावराकडे वळले तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं. कापसाच्या वावरांतही नाही. बांध ओलांडला आणि ते सुरू झालं. तीच तार. खोलातून, सावकाश, थरथरत. मला कारण माहीत होतं. बाजा माहीत होता, सेल माहीत होते. तरीही माझे पाय थांबले. मी मोठ्याने स्वतःला म्हणाले, “भुतं नसतात.” माझा आवाज त्या वाजण्याच्या मानाने फार घाईचा वाटला.

झोपडीत मामी बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. बाज रिकामी. बाजा उघडा.

“तू व्हय वं,” ती म्हणाली. “मले वाटलं कोनी आलं.”

“मीच तं आली.”

“तू घरची. येनारा वेगळा.”

“मामी, हे तू वाजवून राह्यली?”

“मंग कोन? मेलेला मानूस सुई ठेवते का?”

मी हसले आणि मग हसणं थांबलं, कारण ती हसत नव्हती. मी म्हणाले, “गावात भूत म्हणून राह्यले.”

“म्हणू दे ना. भूत हाये तं वावर हाये.”

मग तिने सांगितलं. तेरवी झाल्यावर मोठा मामा, म्हणजे मामाचा थोरला भाऊ, तिला म्हणाला होता की तू माहेरी जा, सालाचं धान्य पाठवून देईन. वावर माझ्या वावराला जोडतो. बाईने कुठे वावर केलं आहे? त्याने आपला सालदार गडी नांगर घेऊन पाठवला. त्या दुपारी मामी झोपडीत बसून रेकॉर्ड ऐकत होती. काही योजून नाही. तिला दुपार दुसऱ्या कशाने काढता येत नव्हती. सालदाराने ते ऐकलं आणि बैल तिथेच सोडून पळाला. संध्याकाळी मोठा मामा बांधापर्यंत आला, धाकट्या भावाच्या नावाने हात जोडून उभा राहिला आणि परत गेला. तेव्हापासून नांगर आला नव्हता.

“पण हे खोटं हाये, मामी.”

“काय खोटं हाये? त्याचाच बाजा, त्याच्याच रेकार्डी, त्याचेच सेल. म्या फक्त सुई ठेवली.” तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. “कागद आनला का? वाट ना. घरोघरी वाट. पण मंग माह्या वांग्याले राखाले तूच येजो रोज.”

परत येताना बसमध्ये मी ते पत्रक वाचलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि एकही वाक्य तिच्या कामाचं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर लिहिलं: ‘ज्या गावात जिवंत बाईचा शब्द बांधाशी थांबतो आणि मेलेल्या नवऱ्याचा आवाज बैलांना परत फिरवतो, त्या गावात आधी कोणाचं भूत उतरवायचं?’ बाबांना तेवढं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे भूत राहू द्यायचं?” मी म्हणाले, “वावर राहू द्यायचं.” पत्रक छापलं गेलं नाही.

हिवाळ्यात मामी स्वतः आमच्या दाराशी आली. डोक्यावर वांग्यांची टोपली. आईने एक वांगं चिरलं तर आत नुसत्या काळ्या बिया.

“जून झाले सारे,” मामी म्हणाली. “तोडाले कोनी येत नाई. भुतानं बैल थांबवले, तशा बायाही थांबवल्या. मी एकटी किती तोडू? हे पीक गेलं का तुह्या मोठ्या मामाले बैल आनाचीही गरज नाई. मलेच माहेरची वाट धरा लागन.”

बाबा काहीतरी बोलणार होते. तिने त्यांना बोलू दिलं नाही. “कागद नको, भाऊजी. त्या बायांले वाचता येत नाई. बाजाच दाखवतो उघडून.” आणि मला म्हणाली, “नवे सेल घे. जुने आता उन्हानंही उठत नाई.”

वावरात पोचून मी बाजा पालथा केला. मामाच्या सेलांना पाणी सुटलं होतं, पत्र्यावर हिरवं-पांढरं चढलं होतं. विळ्याच्या टोकाने मी ते खरवडलं. मामीने जुने सेल ओंजळीत घेतले, कुठे ठेवावे ते तिला सुचेना, शेवटी बाजेवर ठेवले, माणूस निजतो त्या जागी.

गावातल्या पाच-सहा बाया बांधावर उभ्या होत्या. मामीने त्यांना कशा आणल्या कोण जाणे. त्या आत यायला तयार नव्हत्या, म्हणून बाजाच बाहेर उन्हात आणला. मामीने सर्वांच्या देखत सुई ठेवली.

गिटार सुटली ती धावतच. लख्ख, कोरडी, टणटणीत. ढोल मागून तिला ढकलत होते. कुठे काही खोल नव्हतं. कव्हरावरच्या उघड्या माणसांचंच होतं ते, उन्हातलं, हसरं, मजेचं. बाया एकमेकींना धरून हसायला लागल्या.

“माय वं! हे तं वरातीत नाचाचं हाये!”

“यालेच भेत होतो काय वं आपन? माहा नवरा तं तिकडून लघवीलेही जात नव्हता!”

“पाह्य, पाह्य, बुढी कशी मान हालवून राह्यली!”

मामी माझ्याजवळ सरकली. हळू विचारलं, “हे कोनाचं हाये?”

“हेच खरं, मामी. त्या गिटारवाल्यायनं असंच वाजवलं होतं. सेल कमजोर होते म्हणून आपल्याले हळू ऐकू येत होतं.”

“मंग इतके दिवस कोन होता?”

मी उत्तरांच्या घरात वाढलेली मुलगी. शंका आणि समाधान अशा दोन रकान्यांची पत्रकं मी पाठ म्हणून दाखवायची. मी विळ्याच्या टोकावरचं हिरवं-पांढरं पुसत राहिले. रेकॉर्ड संपेपर्यंत ती फिरत्या तबकडीकडे पाहत राहिली, गर्दीत चुकलेल्या माणसाला शोधावं तशी.

हसण्याचा आवाज ऐकून मोठा मामा आला. बाजा पाहिला आणि त्याला सगळं कळलं.

“हे व्हय तं भूत,” तो म्हणाला. “बरं झालं. उद्या बैल आनतो.”

“आना,” मामी म्हणाली. ती जागची हलली नाही. “उद्या ह्या बाया वांगे तोडून राहतीन. यायच्या पाठीवरून घाला नांगर.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हे त्यांच्याशी ठरलेलं नव्हतं. मग त्यांच्यातली म्हातारी पदर खोचून सरळ ओळीत उतरली आणि पहिलं वांगं तोडून टोपलीत टाकलं. तिथूनच ओरडली, “काऊन बापू, मेलेल्याले भेत होते, आमाले नाई भेत का?”

मोठा मामा बांधावरूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी बैल आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तो वर्षभर भांडला, तिच्या रात्रीच्या पाळ्या चोरल्या, एकदा पाट फोडला. पण वावर मागायला तो परत आला नाही.

मी त्या वर्षी दर रविवारी जायची. बाया दुपारी बाजा मागून घ्यायच्या. हात चालतो म्हणायच्या. त्या धावत्या गिटारीवर वांग्यांच्या टोपल्या भरायच्या आणि मामी सुई ठेवायची, बाजू बदलायची. ती काय करते आहे ते माझ्या उशिरा लक्षात आलं. बायांनी नको म्हटलं तरी ती थांबत नसे. बाया घरी गेल्यावरही बाजा चालूच. मी म्हणाले, सेल संपतील मामी. ती म्हणाली, “संपू दे ना थोडे.”

उन्हं तापायला लागली तशी गिटार दमायला लागली. आधी कोणाला कळलं नाही. एका रविवारी ढोल मागे पडले. पुढच्या रविवारी भर दुपारी मी ओळीत वाकले होते आणि तार खोल गेली, पाण्याला लागली, आणि सावकाश वर आली. मी मान वर केली. मामीने हातातली टोपली खाली ठेवली होती. ती झोपडीच्या दाराकडे पाहत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आजवर कुठल्याही पत्रकात शब्द दिलेला नाही.

त्या दिवशी वडनेरकडून माहेरी आलेली एक पोरगी पहिल्यांदाच कामावर आली होती. तिचा हात थांबला. ती घाबरून शेजारणीला म्हणाली, “कोन वं हे? कोन वाजवून राह्यलं?”

म्हातारीने मानही वर केली नाही.

“हिचा घरवाला हाये,” ती म्हणाली. “तू वांगे तोड.”