अण्णांचा ग्रुप

आमच्या रायफल क्लबात दर रविवारी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडून बादलीत भरतात, तरी पुढच्या रविवारी कुठल्यातरी फटीतून चार निघतातच. किश्श्यांचंही तसंच आहे. संपले म्हणावं, तर कुणीतरी चहा घेता घेता म्हणतो, "अरे, ते अण्णांचं सांगितलं का?"

अण्णा म्हणजे आमचे रेंज ऑफिसर, नेमबाजीच्या मैदानावर शिस्त ठेवणारे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, जिभेनं पक्के पुणेकर. मी चंद्रपूरहून आलेली, सॉफ्टवेअर कंपनीत नवीनच लागलेली. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोकं पिकतं म्हणून वाघोलीच्या पुढे या रेंजवर यायला लागले. पहिल्याच दिवशी माझं टार्गेट बघून अण्णा म्हणाले, "छान! चारी दिशांना नमस्कार करून झाला. आता मध्ये मारा."

*

तेव्हा बाजार नुकताच खुला झाला होता. क्लबात परदेशी काडतुसं यायला लागली आणि त्यांच्यामागून परदेशी मासिकंही आली. आमचे देशपांडे बँकेत ऑफिसर. एका मासिकात त्यांनी वाचलं की तिकडे लोक घरीच काडतुसं भरतात. दारू स्वतः मोजायची, गोळी स्वतः बसवायची, म्हणजे नेम एकदम अचूक!

"अण्णा, आपणही परवानगी काढून करायला काय हरकत आहे?"

अण्णा सोनाराच्या तराजूवर क्लबाची काडतुसं तोलत बसले होते. एकसारख्या वजनाची एका डब्यात, बाकीची सरावाला. मान वर न करता म्हणाले, "देशपांडे, तुमच्या घरी मागच्या महिन्यात कुकर उडाला ना?"

"हो."

"छतावरची डाळ निघाली?"

"नाही अजून."

"मग राहू द्या."

*

आमच्याकडे 'ग्रुप' म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका. भोकं जितकी जवळजवळ, तितका ग्रुप लहान आणि नेमबाज मोठा. हे आम्हाला माहीत. देशपांडे वहिनींना कुठून माहीत असणार?

एका रविवारी देशपांड्यांचा नेम कधी नव्हे तो लागला. आनंदाच्या भरात त्यांनी समोरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला, "अगं, आज ग्रुप एकदम लहान आहे!"

वहिनी त्या दिवशी सगळ्यांसाठी कर्वेनगरहून डबा घेऊन येणार होत्या. आल्या, डबा उघडला, तर आत चौघांपुरते पोहे! आम्ही वीस जण हात धुऊन बसलेलो.

"हेच म्हणाले, ग्रुप लहान आहे!"

अण्णा हात जोडून म्हणाले, "वहिनी, देशपांड्यांचा ग्रुप लहान असतो यावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. आपण निश्चिंतपणे वीस जणांचं करत जा."

*

माझे बाबा वनखात्यातून निवृत्त झालेले. एकदा पुण्याला आले तेव्हा मी त्यांना रेंजवर नेलं. देशपांड्यांनी नेमका तेव्हाच मासिकातला वाद काढला. लहान काडतुसानं सांबरासारखं मोठं जनावर पडतं का?

बाबांचा चेहरा उतरला. लहान गोळी खाऊन रानात चार-चार दिवस तडफडणारी जनावरं त्यांनी बघितली होती.

शिकारीला परवाना मिळायचा त्या काळात अण्णा शिकारीला गेलेले. ते म्हणाले, "पडतं. पण गोळी नेमकी कुठे लागणार, ते स्वच्छ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर चापावर बोट ठेवायचं नाही. मला संध्याकाळच्या उजेडात सांबर दिसलं, पण जागा दिसली नाही. रायफल खाली ठेवली."

"मग मारलं काय?" बाबांनी विचारलं.

"गप्पा."

बाबा खो खो हसले. अण्णांना त्यांनी चंद्रपूरला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. "रायफल सोडून या," असंही बजावलं.

*

मग एकदा भर मे महिन्यात, दुपारी, अण्णा म्हणाले, "आज धुकं फार आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुढच्या रविवारीही धुकं होतं. त्यानंतर त्यांनी रायफलला हातच लावला नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू! ज्याला दिसत नाही त्यानं बोट ठेवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाच लावला होता. मला फार वाईट वाटलं.

बिबवेवाडीच्या एका डॉक्टरांकडे ऑपरेशन ठरलं. पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळे दाराशी कान लावून उभे. डॉक्टरांनी पंजा समोर धरला, "किती बोटं दिसतात?"

"डॉक्टर, नखं कापा."

आमचा जीव भांड्यात पडला! देशपांडे तर तिथेच डोळे पुसायला लागले.

पण अण्णा खूश नव्हते. "नखं हातभर अंतरावर होती. टार्गेट पन्नास मीटरवर असतं. मधल्या दहाच्या वर्तुळात गोळी बसली नाही, तर रायफल जमा करून टाकणार." म्हणाले म्हणजे करणारच!

*

तो रविवार आला. अण्णा रायफल घेऊन आडवे झाले, त्यांच्या शेजारी मी. दोघांनाही पाच-पाच गोळ्या. मागे वहिनी वीस जणांचे पोहे घेऊन उभ्या होत्या, पण डबा उघडायची कुणाची हिंमत होईना.

फायर बंद झाल्यावर देशपांडे धावत टार्गेटं घेऊन आले. आधी अण्णांचं वर धरलं.

बरोब्बर मध्ये, दहावर, भोक होतं. पण एकच!

"पाचही एकातच गेल्या असतील," देशपांडे कसेबसे म्हणाले. पण ते भोक एका गोळीचंच होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. उरलेल्या चार कुठे गेल्या? मला अण्णांकडे बघवेना. ते शांतपणे रायफल पुसत होते.

मग देशपांड्यांनी माझं टार्गेट वर धरलं. माझ्या पाच गोळ्या नेहमीसारख्या कडेकडेनं, चारी दिशांना नमस्कार करत. आणि मध्ये, दहावर, एकमेकांना चिकटलेली चार भोकं!

"अण्णा!" मी ओरडले. "अहो, हे माझं टार्गेट!"

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "मधली जागा तू वापरत नाहीस ना?"