काचेमागचं पेट्रोल

लातुरात जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या पंढरीमिस्त्रीच्या तोंडून 'माझं चुकलं' हे कुणी ऐकलं असेल, तर त्यानं खुशाल समोर यावं! गाडी बंद पडली तर पेट्रोलात पाणी होतं, स्प्रिंगचा पाटा तुटला तर रस्ता हलकट होता, आणि काहीच सापडलं नाही तर मालकाला अक्कल नव्हती. सत्तरी उलटली, डोळ्यांवर जाड भिंगं आली, पण गडी हटायचा नाही. हात मात्र असा की लोक त्याच्या शिव्या खाऊन वर चहा पाजायचे.

त्याचा जीव होता एकाच गाडीवर. डाळमिलवाल्या गुरुपादप्पांच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली काळी मोटार. बेचाळीस वर्षं तिचा नट न् नट पंढरीच्या हाताखालून गेलेला. आणि तिच्या पेट्रोलच्या मीटरपुढं तर हा तिरसट माणूस अगदी लहान होऊन जायचा.

आता मीटर कसा, ते ऐका. या गाडीची टाकी मागं नाही, पुढं, ड्रायव्हरच्या गुडघ्यांसमोर. तिथल्या पत्र्यातच छोटीशी काच, आणि काचेमागं थेट पेट्रोल. वायर नाही, बॅटरी नाही. आत बुचाचा एक तुकडा तरंगतो. पेट्रोल उतरलं की तो उतरतो आणि त्याला जोडलेली आकड्यांची चकती फिरते. बस्स, एवढंच! "पेट्रोल सोताच्या तोंडानं सांगून राहिलंय, मी एवढं हाय म्हनून," पंढरी म्हणायचा. "शंभर वर्षांमागं कुन्या मानसाला हे सुचलं असंल? आन् सुचल्यावर त्याला झोप तरी आली असंल का?"

दिवाळीच्या सुमाराला ही काच पाझरायला लागली. पंढरीनं मीटर उघडला. कुजलेले वॉशर बदलले, नवीन बूच कोरलं आणि पोरवयात उस्तादानं शिकवलं होतं तसं केलं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवले, बुचाला त्याचे तीन हात दिले, वॉशरलाही तेच चोपडलं. लाख बसली की बुचात शिरायची पेट्रोलची टाप नाही. "आता वीस वर्षं बघायचं काम न्हाई, अप्पा!"

पंधरा दिवस झाले नाहीत तोच औशाच्या रस्त्यावर काचेतून धार लागली. गुरुपादप्पांचं धोतर भिजलं, आकडा तळाला गेला आणि गाडी धापा टाकत थांबली.

अप्पा रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "पंढरी, पोरंसोरं बसतात हिच्यात. एखादी ठिणगी पडली म्हंजे? म्हातारी झाली रे ती. नांदेड रस्त्यावरचा हॉटेलवाला कवाचा मागून राहिलाय. टाकी कोरडी करून दारात सिमेंटवर उभी करतो म्हणतो. सोमवारी क्रेन येईल."

सिमेंटवर! ही गाडी लग्नातल्या पाहुण्यांच्या फोटोंसाठी जन्मभर एका जागी उभी राहणार, आणि मीटरमागं थेंबभर पेट्रोल नसणार.

गुरुवारी पंढरीनं मीटर पुन्हा उघडला. बूच भिजून जड झालं होतं आणि बोटांना तपकिरी चिकटा लागला. पेट्रोलवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरत त्यानं स्पिरिटची बाटली उचलली, बोटांवर ओतली. चिकटा क्षणात निघून गेला. पंढरीचा हात जागच्या जागी थांबला.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यानंच विरघळवली होती. आणि हल्ली पेट्रोलात काय असतं? साखर कारखान्यावर उसापासून काढलेलं स्पिरिटच की! पंपावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, शाळकरी पोरही सांगेल. उस्तादाच्या काळी ते नव्हतं. जे लाखेला खातं त्यातच लाख नेऊन बुडवली, आणि वर वीस वर्षांची छाती ठोकली.

तो तसाच उठून डाळमिलवर गेला. अप्पा गादीवर होते, समोर दोन अडते बसलेले. पंढरी दारातच उभा राहिला.

"गाडी म्हातारी न्हाई झाली, अप्पा. चूक माझी हाय. माझं चुकलं."

अप्पांनी चष्मा काढला. "पुन्हा म्हण."

"माझं चुकलं. मला रविवारपर्यंत टाइम द्या."

"बेचाळीस वर्षं," अप्पा अडत्यांकडं बघून म्हणाले, "सगळ्या चुका माझ्या होत्या. दिला टाइम, जा!"

पंढरीनं बुचाच्या जागी बसवायला भंगारातून जुन्या जीपच्या कार्बुरेटरमधले दोन पोकळ पितळी फ्लोट आणले आणि डाग देऊन एकमेकांना जोडले. मग कढत पाण्यात बुडवले. बारीकसं भोक असलं तर आतली हवा तापून बुडबुडा निघतो. पहिल्यांदा निघाला. दुसऱ्यांदाही निघाला. तिसऱ्यांदा पाणी गप्प राहिलं. वॉशरसाठी त्यानं नव्या मोटारसायकलींना लागतं ते रबर आणलं, कारण त्याही हेच पेट्रोल पितात. कार्बुरेटर धुऊन काढला.

रविवारी सकाळी गाडी निघाली. अप्पा चालवत होते, शेजारी पंढरी. मांडीवर कोरा कागद पसरून दोघंही काचेकडं बघत होते. औसा आलं, गेलं. कागद कोरडा. आणि पुढं एका चढावर काचेमागची चकती हलली. नुसती केसभर. पेट्रोल जेवढं जळलं तेवढीच.

अप्पांनी गाडी बाजूला घेतली. "पंढरी, जन्म गेला हिच्यात बसून. आकडा सरकताना मी कधी बघितलाच न्हाई रे." मग त्यांनी हॉटेलवाल्याला फोन लावला आणि क्रेन पाठवू नको म्हणून सांगितलं.

घरी बायको, नागुबाई, अंगणात डाळ निवडत होती. पंढरीनं तिला सगळं सांगितलं. लाख, स्पिरिट, पितळ, चकती. ती मान खाली घालून ऐकत होती. एकाच ठिकाणी तिचा हात थांबला.

"चुकलं म्हनले तुमी? चार लोकांत?"

"हाव."

"गाडीसाठी."

"हाव."

नागुबाई पुन्हा डाळ निवडायला लागली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. पंढरी तिच्यासमोर खाली बसला आणि सुपातले खडे वेचायला लागला. मान वर न करताच म्हणाला, "तुला म्हनायचं राहिलंय. लई राहिलंय."