शिक्क्याच्या चकत्या

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात बायकांनी विहाराभोवती बाग लावली आणि रानडुकरांनी ती उकरून टाकली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण डुकरांपुढे टिकेना. मग विहाराच्या समितीने सरकारी डेपोतून सागाचा एक मोठा ओंडका आणला. फाटक आणि त्याला शोभेल असं समोरच्या बाजूचं कुंपण करण्याचं काम बाबांनी मागून घेतलं. बाबा सुतार. त्यांच्या रंध्याच्या जोरावर मी बी.ए., बी.एड. झाले. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी मूल या तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते.

"नक्षा तू काढ," बाबा म्हणाले. "मी काढला त गोठ्याचंच फाटक दिसन."

मी फाटकाच्या माथ्यावर पिंपळपानाचं टोक काढलं. बाबांनी कागद लांब धरून पाहिला. "पोट्टे लटकले का हे पयले तुटते. जरा गोल कर." मी टोक खोडून नुसती कमान ठेवली. ती कमान फाटकावरून उतरून कुंपणाच्या प्रत्येक भागावर हलकी लाट होऊन पुढे जाईल, असं आम्ही ठरवलं. मी त्या भागांना पॅनल म्हणायची, बाबा ताटवे म्हणायचे. फळ्या ओंडक्यातून ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बाबा त्या लावत होते. त्यामुळे लाकडाची तपकिरी रेष एका ताटव्यातून दुसऱ्यात जाई, मध्ये गाठ आली की वळसा घेई. दुपारभर मी त्या रेषा बघत बसे. माझ्या शिक्षणासाठी ज्या माणसाने आयुष्य झिजवलं, त्याच्यासोबत मी पहिल्यांदाच काही बनवत होते.

डेपोतल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर सरकारी हातोड्याचा शिक्का आणि नंबर असतो. चोरीचा माल नाही, याची तीच खूण. म्हणून आरा मशीनवर ओंडका चिरण्याआधी बाबांनी दोन्ही तोंडांच्या पातळ चकत्या कापून घेतल्या आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. काम उभं राहीपर्यंत त्या सांभाळायच्या. रंधा फिरला की सागाच्या अंगावर दुसरी काही ओळख उरत नाही.

हे आईला कुणी सांगितलं नाही. एरवी बाबांकडे जुन्या चौकटी, कडुलिंब, जांभूळ, असलंच लाकूड येतं. त्याचे तुकडे, ढलप्या, भुसा, सगळं आईचं. संध्याकाळी ती पडवी झाडते आणि उरलंसुरलं चुलीशी नेते. आमच्या घरी सरपणासाठी कधी कुणी रानात गेलं नाही, याचा तिला अभिमान आहे.

फाटक तयार झालं, ताटवे पुरे होत आले, आणि जवळच्या जंगलात कुणीतरी साग तोडून नेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी वनरक्षक गावातल्या सुतारांकडे फिरत आमच्या दारी आला. माझ्याच वयाचा, नम्र मुलगा. बाबांनी समितीकडून डेपोची पावती मागवून दाखवली.

"पावती बरोबर आहे, भाऊ. पण हा माल त्याच ओंडक्याचा कशावरून? शिक्का कुठी आहे?"

बाबा पडवीतल्या भिंतीकडे गेले. तिथे काही नव्हतं. त्यांनी फळ्यांमागे पाहिलं, बाजेखाली पाहिलं.

"अवो, इथल्या गोल चकत्या कुठी गेल्या?"

आई दारात आली. "गोल? त्या त मी..." तिने चुलीकडे पाहिलं. "काल थंडी लय होती. आंघोळीच्या पाण्याखाली लावल्या."

मग मी पुढे झाले. सगळे ताटवे ओळीने मांडले आणि म्हटलं, "दादा, या रेषा बघा. सगळं एकाच ओंडक्याचं आहे."

त्याने खरंच वाकून पाहिलं, गाठीवरून बोटही फिरवलं. "ताई, मले दिसून राह्यलं. पण हा ओंडका कोणता, ते रेष सांगत नाई. साहेबाले शिक्का पायजे."

दुपारी माल जप्त करायला वनखात्याची गाडी आली. बाबांनी स्वतः फाटक उचलायला हात लावला, कोपरे घासू नयेत म्हणून मध्ये पोती घातली.

गावाला एवढं पुरे होतं. समितीतल्या एका म्हाताऱ्याने पारावर विचारलं, "काऊन गा, आमचा ओंडका कुठी गेला न् हा कोणता लावत होतास?" हसत विचारलं, पण विचारलं. बाबा म्हणाले, "शिक्का माह्याच हातून गेला." आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. घरी येऊन जेवले नाहीत.

विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर बायका उठू लागल्या, तेव्हा आई उभी राहिली. चार माणसांत ती कधी बोलत नाही. "लाकूड समितीचंच होतं," ती म्हणाली. "शिक्का मी जाळला. मले माईत नव्हतं. त्याईले कोणी काही म्हणू नका."

मागून एक मावशी म्हणाली, "बाई, सरकारी लाकडावर पाणी तरी लवकर तापलं का?" सगळ्या हसल्या. आईही हसली. बाबा मान खाली घालून चपला शोधत बाहेर गेले. त्या हसण्याने लोकांच्या मनातलं सगळं धुऊन निघालं, की निम्मंच, ते मला आजही सांगता येत नाही.

चौकशी अजून चालू आहे. फाटक आणि ताटवे वनखात्याच्या कार्यालयाच्या आवारात ताडपत्रीखाली आहेत. मूलहून येताना मी तिथे थांबते. मागच्या वेळी एका ताटव्याचा सांधा उघडलेला दिसला. बाबांना मी ते सांगितलं नाही.

घरी मात्र एक नवीन सवय लागली आहे. आई पडवी झाडते, हातात एखादी ढलपी घेते आणि विचारते, "हे जाळू का?" बाभळीची असो, आंब्याची असो. पहिले काही दिवस बाबा चिडायचे. "जाळ न वो, काय विचारतं!" आता ते चिडत नाहीत. रंधा थांबवतात, तो तुकडा हातात घेऊन उलटापालटा करून बघतात, आणि मग म्हणतात, "जाळ."